त्याच्या वाट्याची विहीर

आमच्या मांजरी गावात वाटणीची एक जुनी रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. आपल्या हाती कुठला वाटा राहणार हे थोरल्याला ठाऊक नसतं, म्हणून तो लबाडी करत नाही, असा त्यामागचा हिशेब. रीत शहाण्या माणसांनी घातली असणार यात शंका नाही. त्या शहाण्यांत थोरले किती होते, हे मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी थोरला. वडील, म्हणजे आमचे आबा, गेल्यावर वाटे मी पाडले. एक रस्त्याकडचा तुकडा आणि एक मागचा, ओढ्याच्या बाजूचा, ज्यात विहीर होती. विहीर सामाईक ठेवा, पाळीपाळीने मोटर चालवा, असं चुलत्यांचं म्हणणं होतं. गावात तशीच पद्धत. पण सामाईक विहिरीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली मी पाहिली होती, आणि उघड सांगायचं तर मला रस्ता हवा होता. हडपसरच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. रोज त्या रस्त्याने जाता-येता दुतर्फा जमिनीचे भाव कसे चढतायत ते बघत होतो. धाकटा मागच्या बाजूला कलावा म्हणून मी मागच्या तुकड्यात चार गुंठे जास्त घातले आणि वर अख्खी विहीर टाकली. तो कलला. चुलत्यांसमोर टोपी काढून म्हणाला, मला मागचं चालंल. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पुढे रस्त्याचा तुकडा बिल्डरने घेतला. त्यावर चार इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर मला फ्लॅट मिळाला. गावात म्हणाले, थोरल्याने हात मारला. भाऊ मागे उसाला पाणी देत होता. दिवाळीला आमच्याकडे आला की लिफ्टमध्ये जरा बावरायचा, आणि मला ते बघायला आवडायचं. ते दिवस फार चांगले होते. दुर्दैवाने ते लवकर संपले.

झालं काय, की इमारतींमध्ये माणसं राहायला आली आणि माणसांना पाणी लागतं. गाव शहरात गेलं होतं, पण शहराचा पाइप अजून गावात यायचा होता. बोअर पहिल्याच उन्हाळ्यात धापा टाकायला लागले. मग टँकर सुरू झाले. एका सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो. गेटमधून एक नवा कोरा टँकर आत शिरला, मागे हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, "आई-वडिलांची कृपा". ड्रायव्हरच्या शेजारी माझा भाऊ बसला होता. त्याने वर बघून हात केला. आई-वडील दोघांचे, आणि कृपा याच्या एकट्याच्या टँकरवर. चहा तसाच राहिला.

त्यानंतर माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. एकाचे दोन टँकर झाले. आमच्या सोसायटीबरोबर शेजारच्या, मग पुढच्या वळणावरच्या सोसायट्याही त्याच्याकडून पाणी घ्यायला लागल्या. बिल्डरची माणसं त्याला शेठ म्हणायला लागली. ज्या माणसाला लिफ्टचं बटण दाबायला भीती वाटायची त्याच्यासाठी आमचा वॉचमन खुर्ची सोडून उठायचा. मी रोज त्याच गेटातून जायचो, मला तो बसल्या बसल्या मान हलवायचा. एकाने तर मला विचारलं, "काका, तुम्ही पाणीवाल्या शेठचे भाऊ ना?" मी म्हणालो, तो माझा भाऊ आहे. त्याला यातला फरक कळला नाही.

लहानपणी त्या विहिरीत पोहायला तो आधी शिकला होता. मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून काठाकाठाने हातपाय मारत होतो तेव्हा माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेला हा प्राणी वरून उडी टाकायचा. वडील काठावर उभे राहून हसायचे. कुणाकडे बघून हसायचे, ते सांगायला नको.

मी निवृत्त झालो आणि सोसायटीने मला कमिटीवर घेतलं, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. तेव्हा पाण्याचा खर्च सगळ्यांना सारखा वाटला जायचा. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला जेवढा, तेवढाच सात जणांच्या घराला. नळ चालू ठेवून दाढी करणारा आणि बादलीने अंघोळ करणारा एकाच भावात. स्टोअरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बघवत नाही. ज्या वस्तूचं माप घेऊन भाव लावत नाहीत ती वस्तू वाया जाते, मग तो नट-बोल्ट असो की पाणी. हे मला आधीपासून माहीत होतं. पण मी कमिटीत उभा राहून मीटर बसवा म्हणालो ते या ज्ञानामुळे नाही. आदल्या दिवशी भावाने नवी गाडी घेतल्याचे पेढे आमच्याकडे आले होते. पेढा तोंडात असतानाच मला सुचलं, की सोसायटीने पाणी कमी वापरलं तर याचे टँकर कमी होतील.

आमचा सेक्रेटरी नागपूरकडचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा तरुण. त्याला माझी कल्पना फार आवडली. "काका, तुम्ही तर एकदम प्युअर मार्केट लॉजिक बोलून राहिले," तो म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून योजना आखली. प्रत्येक फ्लॅटला पाणी तीन ठिकाणांहून येतं, स्वयंपाकघरात एक आणि दोन बाथरूमना दोन, म्हणून तिन्ही ठिकाणी मीटर. घराला पुरेल इतक्या पाण्याला साधा दर. त्याच्यावर गेलात की वाढीव दर, आणि त्याच्याही वर गेलात की असा दर की माणूस नळाकडे दोनदा बघेल. याशिवाय एक गंमत सेक्रेटरीने घातली. ज्या घराचं पाणी ठरलेल्या मापापेक्षा कमी लागेल, त्याने उरलेलं माप दुसऱ्या घराला विकायचं. भाव दोघांनी आपसात ठरवायचा, नोंद मोबाइलवर.

सभेत आरडाओरडा झाला. पाण्याचे पैसे लावणं हे पाप आहे, असं एका गृहस्थांनी सांगितलं. त्यांच्या फ्लॅटमध्ये बाथटब होता. दुसरे म्हणाले, आमच्याकडे पाहुणे येतात. मी म्हणालो, आपण पाहुण्यांचं स्वागत जरूर करा, फक्त त्यांच्या अंघोळीचा खर्च वरच्या मजल्यावरच्या आजींकडून घेऊ नका. सभेत हशा झाला आणि ठराव पास झाला. माणसांना बाजू पटली म्हणून नाही, बाथटबवाल्यावर हसायला मिळालं म्हणून. पण मला कारणाशी कर्तव्य नव्हतं.

मीटर बसले आणि पहिल्याच महिन्यात अनेक घरांना कळलं की त्यांचा फ्लश गुपचूप रात्रंदिवस गळतोय. प्लंबरला जेवायला फुरसत मिळेना. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी लोक बादलीत धरून फरशी पुसायला वापरू लागले. गाड्या पाइपने धुणारे ओल्या फडक्यावर आले. आणि मापाचा बाजार तर असा रंगला की मंडई फिकी पडावी. तळमजल्यावरचं निवृत्त जोडपं दोघांत एक बादली वापरून उरलेलं माप विकायचं. ज्या घरात बाळंतीण होती त्यांनी ते घेतलं. रंगपंचमीच्या आधी भाव चढला. एरवी जिन्यात एकमेकांकडे न बघणारी माणसं लिफ्टमध्ये हळू आवाजात विचारायची, तुमच्याकडे आहे का थोडं? सल्ले, उपदेश, जिन्यातल्या पाट्या, यांनी जे कधी जमलं नाही ते दरामुळे आपोआप झालं.

आणि टँकर कमी झाले. मी सकाळी गॅलरीत उभा राहून बघायचो. "आई-वडिलांची कृपा" आता कधी यायची, कधी नाही. चहाला पुन्हा चव आली.

लोक मला मान द्यायला लागले. शेजारच्या सोसायटीने योजना समजावून सांगायला बोलावलं. मी गेलो. पुढच्या वळणावरच्यांनी बोलावलं, तिथेही गेलो. जिथे जिथे भावाचा टँकर जायचा तिथे तिथे मी जायचो. कुणी न बोलावता दोन ठिकाणी गेलो. कुठे शाल मिळाली, कुठे नारळ. एका ठिकाणी तर पुढच्या पिढ्यांसाठी झटणारे काका अशी माझी ओळख करून दिली. मी नम्रपणे मान खाली घातली. माझ्यासमोर पुढची पिढी वगैरे काही नव्हती, माझ्याच पिढीतला एक माणूस होता.

बायकोला मात्र सगळं दिसत होतं. ती कोथरूडची, कमी बोलते आणि जे बोलते ते लागतं. एकदा शाल घडी करून कपाटात ठेवताना म्हणाली, "अहो, भावाला पाण्यात बघायची इतकी हौस असेल तर निदान शाली तरी घेऊ नका. घरात जागा नाही." मी म्हणालो, मी पाणी वाचवतोय. ती म्हणाली, वाचवताय खरं. आणि तिने कपाट लावून घेतलं.

मी वाट बघत होतो ती भावाच्या येण्याची. तो येईल, सोफ्याच्या कडेला बसेल, टोपी हातात घेऊन म्हणेल, दादा, धंदा बसला, तुझ्या लोकांना जरा सांग. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. बघतो म्हणायचं होतं, नुसतं बघतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्याच्याकडून हुरडा आला, गूळ आला, वाणात तीळ आले. तो आला नाही. कळलं की एक टँकर त्याने विकला. ती बातमी मी ज्या आनंदाने ऐकली तेवढ्या आनंदाने मी माझ्या पेन्शनची बातमीही ऐकली नव्हती.

मग अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे वाडवडिलांच्या नावाने मातीच्या घटात पाणी भरून पूजतात. घट पुजायचा मान थोरल्याचा, आणि पाणी मळ्यातल्या विहिरीचंच लागतं. वाटणी झाली तरी ही रीत चालू होती, त्यामुळे वर्षातून एकदा मला त्याच्या दारात जावं लागायचं. गेली काही वर्षं मला त्या दिवसात एक गोष्ट बरी वाटायची. भर उन्हाळ्यात विहिरीत डोकावलं की तळाचा गाळ दिसायचा. टँकर भरून भरून त्याने ती खरवडली होती. एक घट भरायला सुद्धा माणूस दोर धरून खाली उतरायचा. मी वरून बघायचो आणि मनात म्हणायचो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणखी एक-दोन उन्हाळे, मग शेठ पुन्हा टोपी काढून उभे राहतील.

यंदा आम्ही गेलो तेव्हा चुलत्यांकडची चार माणसं आधीच आलेली होती. भावाच्या बायकोने पदर सावरत या भावजी म्हणून पाट मांडला. पुरणाचा वास सुटला होता. भाऊ म्हणाला, चल दादा, पाणी आणू. मी त्याच्यामागे गेलो. टँकर विकलेल्या माणसाची चाल कशी असते ते बघायचं होतं. चाल बरी होती. वाटेत उसाच्या जागी कांदा आणि शेवंती लावलेली दिसली, ठिबकवर. काठाशी आलो आणि मी सवयीने आत वाकलो.

विहीर पाण्याने भरलेली होती. ऐन वैशाखात पाणी पायऱ्यांना लागलं होतं, हिरवंगार आणि शांत. कपारीतून एक झरा बारीक आवाज करत पडत होता. वडील गेल्यानंतर उन्हाळ्यात मी तिथे इतकं पाणी पाहिलं नव्हतं. भाऊ पाच-सहा पायऱ्या उतरला आणि वाकून घट भरून घेतला. दोर लागला नाही.

वर येऊन त्याने घट माझ्या हातात दिला. "दादा, हे तुझ्यामुळं झालं बघ," तो म्हणाला. "मागल्या साली झरं आटायला लागलं हुतं. टँकर थांबवावं म्हनलं तर लोकास्नी न्हाई म्हनवत न्हवतं, आन हप्तंबी हुतं. तू मीटर बसवलं, समद्या रस्त्यानं बसवाया लावलं, मागनीच कमी झाली. मोटर बंद राह्यली तवा इहिरीनं श्वास घेतला."

माझ्या तोंडाचा आ झाला असावा, कारण तो पुढे म्हणाला, "लोकं मला सांगत हुती, थोरला तुझा धंदा बुडवाया निघालाय. म्या म्हनलं, येडं हाय का तुमी? आबांची इहीर हाय ती. दादा तिला मरू दील व्हय?"

मत्सराचं असं आहे, की समोरचा माणूस वाईट निघाला तर हे दुखणं बरं होतं आणि चांगला निघाला तर चिघळतं. तो हे उपरोधाने बोलला असता तर मी आनंदाने भांडलो असतो. पण त्याच्या तोंडावर उपरोध नव्हता, त्याला तो येतही नाही. तो मनापासून माझे आभार मानत होता. मी हातात घट धरून उभा होतो आणि माझा जळफळाट होत होता. रस्त्याची जमीन गेली, त्यावर आता लोकांची घरं आहेत, आणि याच्याकडे जमीनही राहिली आणि पाणीही. तेवढं कमी होतं म्हणून मनाचा मोठेपणाही हाच घेऊन बसला. तो तरी थोरल्यासाठी ठेवायचा होता.

जेवताना त्याने सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं. चुलते म्हणाले, थोरल्याने घराण्याचं नाव राखलं. दुसरे म्हणाले, आणि धाकटा बघा, धंदा गेला तरी तोंडातून वाकडा शब्द नाही. पहिलं वाक्य लोक लगेच विसरले, दुसऱ्यावर बराच वेळ बोलत राहिले. मी पुरणपोळीवर दूध घेतलं आणि खाली बघून जेवलो. राहिलेल्या टँकरचं कुणीतरी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "एकच ठिवलाय, दादाच्या सोसायटीपुरता. त्यांना लागंल तेवढं देतो. आपल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

चालत परत येताना बायकोने विचारलं, आता पुढे काय करणार. मी म्हणालो, कशाचं. ती म्हणाली, काही नाही, शालींसाठी कपाट घ्यायचं का ते ठरवत होते.

घरी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मी हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि मुद्दाम तसाच ठेवला. पाय धुऊन झाले तरी ठेवला. पाणी जाळीतून खाली जात होतं आणि मला बरं वाटत होतं. वर्षभर थेंब थेंब वाचवून मी काय केलं, तर त्याची विहीर भरली. मग आता जाऊ दे वाहून. बाहेर मीटर फिरत असेल, फिरू दे. वरचा दर लागेल, लागू दे.

मग डोक्यात आलं, की हे पाणी त्याच्याच टँकरमधून आलेलं आहे. मी जेवढं सांडीन तेवढी उद्या त्याची एक खेप वाढेल, आणि तिचे पैसे मी भरीन. मी घाईने नळ बंद केला.

बंद केला आणि लक्षात आलं, की आता ती खेप त्याच्या विहिरीतच राहणार.

बाहेरून बायकोने विचारलं, अहो, झालं का. मी ओल्या पायांनी नळावर हात ठेवून उभा होतो. सोडला काय आणि बंद केला काय, भरणार त्याचंच होतं.